दशक आणि सुटे

भुसावळला बँकेच्या खिडकीवर आम्ही नेहमी पाहतो : 'एकोणसाठ' ऐकून स्लिपवर ६९ लिहिले जाते, आणि स्लिप परत घेताना लिहिणारा ओशाळतो. हा दोष बुद्धीचा नव्हे. त्याचे मूळ पहिली-दुसरीच्या वर्गात आहे.

'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना मात्र दोन. म्हणून मूल ५२ लिहिते. 'एकोणसाठ' म्हणजे साठाला एक कमी. त्यात पन्नासही ऐकू येत नाहीत, नऊही नाहीत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असेही वाचन आले, तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू मांडली होती.

वाद काहीही असो, उपाय साधा आहे. वर्गात मुले काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधतात. दोन गठ्ठे, पाच सुट्या. आधी मोजायचे, मग बोलायचे, शेवटी लिहायचे. घरी खराट्याच्या काड्या किंवा दहाच्या नोटा व रुपयाची नाणी चालतात. पालकांनी रोज दहा मिनिटे द्यावीत. मग आपले मूल उद्या कोणत्याही खिडकीवर मान खाली घालणार नाही.