वाड्यातील आरशाचे वय

हातच्या कंकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. पण खुद्द आरशाविषयीच प्रश्न पडला तर उत्तर कोठे शोधायचे? जळगाव-धुळे भागातील कित्येक जुन्या घरांत आजोबा-पणजोबांच्या वेळचा एखादा आरसा असतो. कोठे माडीवरच्या बैठकीत टांगलेला मोठा बेल्जियमचा आरसा, तर कोठे आजीच्या फणेरपेटीच्या झाकणातला वीतभर तुकडा. ‘हा पेशवाईतला’ असे वडीलधारी मंडळी सांगतात आणि आपण ऐकून घेतो. आता जुने वाडे पडत आहेत, वाटण्या होत आहेत. अशा वेळी हा आरसा भंगारात जातो, नाहीतर त्याला नवा मुलामा देऊन चकचकीत केले जाते. दोन्ही प्रकारांत घरच्या इतिहासाचे एक साधन नाहीसे होते. म्हणून त्याचे वय कसे ओळखावे, याचा थोडा विचार करू.

प्रथम लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की, आरसा म्हणजे एक वस्तू नव्हे. काच, काचेमागचा मुलामा, चौकट आणि पाठीची फळी अशी ती जुळणी असते आणि यांतील प्रत्येकाचे वय निराळे असू शकते.

सर्वांत बोलका पुरावा मुलाम्याचा. जुन्या पद्धतीत कथलाचा पातळ पत्रा पसरून त्यावर पारा ओतीत, वर काच सरकवीत आणि वजने ठेवून जादा पारा निथळू देत. १८३५ साली लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला काचेवर चांदीचा थर बसविण्याची क्रिया सापडली; १८५५-५६ च्या सुमारास ती व्यवहारात वापरण्याजोगी झाली. पाऱ्याची वाफ कामगारांच्या जिवावर उठणारी असल्यामुळे १९०० च्या सुमारास जुनी पद्धत जवळजवळ बंद पडली. मौज अशी की, पारा गेला पण शब्द राहिला. चांदीचा थर खराब झाला तरी आपण ‘पारा उडाला’ असेच म्हणतो!

दोहोंतला फरक डोळ्यांना कळतो. पाऱ्याच्या आरशातले प्रतिबिंब किंचित निळसर-करडे दिसते. तो बिघडू लागला की बारीक स्फटिकांसारखी चमक दिसते आणि सुटा पारा खाली उतरत असल्याने खालची कड अधिक खराब होते. चांदीचा थर मात्र कडेकडून पिवळट-तपकिरी होतो, त्यावर काळे डाग पडतात आणि मागे बहुधा रंगाचा लेप असतो. पेशवाई १८१८ साली संपली. तेव्हा चांदीचा मुलामा मूळचाच असेल, तर तो आरसा पेशवाईतला असूच शकत नाही. उलट, पाऱ्याचा आहे म्हणून तो पेशवाईतला ठरतो असेही नाही. तो १८८० चाही असू शकेल.

काचेकडे तिरक्या नजरेने पाहावे. जुन्या काचेत लहरी आणि बुडबुडे आढळतात. पांढरा कागद काचेला टेकवला की तिची हिरवट किंवा करडी छटा उमगते. कडेची उतरती घासाई हाताने केलेली असेल तर ती उथळ व थोडी असमान असते, बोटाला जेमतेम जाणवते. यंत्राची धार स्पष्ट लागते. मोठी सपाट काच आपल्याकडे परदेशातून येई. १९०८ साली पैसा फंडाच्या मदतीने तळेगावला काच कारखाना निघाला, तरी पुढेही बरीच वर्षे ती बाहेरूनच येत होती. बेल्जियम हे राष्ट्रच १८३० चे, हेही ध्यानात असावे. मागे देशाचे नाव छापलेली चिठ्ठी असल्यास ती बहुधा १८८९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्यानंतरची समजावी.

काच परदेशी असली तरी चौकट पुष्कळदा इथल्याच सुताराने सागवानात केलेली असते. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले. त्यापूर्वीचे खिळे चौकोनी. पण आपल्या खेड्यांतील लोहार हाताने घडविलेले खिळे नंतरही देत होते, म्हणून नुसत्या चौकोनी खिळ्यावर भिस्त ठेवू नये. फळी प्लायवुडची असेल तर ती विसाव्या शतकातली.

फळी आणि काच यांमध्ये धूळ जाऊ नये म्हणून रद्दी कागद घालीत. तो कागद जपून वाचावा. मोडी दिसली की लगेच पेशवाई आठवू नये. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. शकात ७८ मिळवावे, विक्रम संवतातून ५७ वजा करावे, म्हणजे इसवी सन साधारणपणे मिळतो.

समजा, मुलामा चांदीचा, खिळे तारेचे आणि आत शके १८२२ चा हिशेबाचा कागद आहे. हे सारे मूळचे असेल तर जुळणी १९०० पूर्वीची नाही. चाळीसगाव-धुळे रेल्वेही १९०० सालीच सुरू झाली. त्यापूर्वी धुळ्याचा माल आग्रा रोडने गाड्यांवर येई. एवढी नाजूक काच रेल्वेने आली असावी हा तर्क पटतो. पण तर्क आणि पुरावा यांतला भेद विसरू नये. घरची आख्यायिकाही टाकाऊ नव्हे. कदाचित चौकट खरोखर जुनी असेल आणि काच फुटल्यावर नवी बसवली असेल. नियम एवढाच: मूळ भागांपैकी जो सर्वांत अलीकडचा, त्याहून जुळणी जुनी नसते.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी अस्सल कागदासाठी गावोगाव पायपीट केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. दंतकथा बाजूला ठेवून अस्सल साधन तपासण्याची ती दृष्टी घरच्या वस्तूंनाही लावता येते.

शेवटी काही पथ्ये. आरसा नव्याने मुलामा देऊन घेऊ नये. मूळ थर खरवडला की मुख्य पुरावा गेला. पाऱ्याचा आरसा उभाच ठेवावा, उलटा करू नये, तापवू नये आणि मागचे पाऱ्याचे थेंब हाताळू नयेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठविता येत नाही. आणि विकण्यापूर्वी किंवा वाटणीपूर्वी पुढून-मागून छायाचित्रे घेऊन मापे, खुणा आणि आजीने सांगितलेली हकीकत एका वहीत टिपून ठेवावी. आरसा पुढे कोणाच्याही वाट्याला जावो, ती वही मात्र साऱ्या घराची राहील.