कोपऱ्यातली पाहुणी

गेल्या पावसाळ्यात जुन्या चादरी द्यायला म्हणून गावाबाहेरच्या एका श्वान निवाऱ्यात गेले आणि कुत्री घेऊन परत आले!

शेवटच्या पिंजऱ्यात ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. दिवसभर शेजारच्यांचं भुंकणं, माणसांची ये-जा. "कोणी आलं की ही अशी लपते. मग हिला नेणार कोण?" तिथला मुलगा म्हणाला. "घर मिळेपर्यंत महिनाभर सांभाळता का, ताई?" म्हणजे दत्तक नव्हे, तात्पुरता सांभाळ. यालाच 'फॉस्टर' म्हणतात.

घरी आल्यावर ती शिलाई मशीनखाली शिरली. तीन दिवस धड खाल्लं नाही. मायेपोटी मी हात घालून तिला ओढू लागले, तशी ती गुरगुरली. चौथ्या दिवशी मी फोन केला, "घेऊन जा बाबा हिला."

त्याने समजावलं. झोप नसताना जांभया, सारखे ओठ चाटणं, शेपूट पोटाशी घेणं, ही सगळी भीतीची लक्षणं. गुरगुरणं म्हणजे 'थांबा' असं सांगणं. त्यावर ओरडलं, तर कुत्रं न सांगता चावायला शिकतं. तिच्याकडे बघू नका, बोलावू नका. नुसतं जवळ बसा आणि भाकरीचा तुकडा टाका.

हे जमलं ते सासूबाईंना! त्यांना कुत्री आवडत नाहीत, म्हणून त्या तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. रोज तिथेच पाठ करून लसूण सोलत बसायच्या. नवव्या दिवशी ती हळूच बाहेर आली आणि त्यांच्या पदराशी टेकली. सासूबाई हलल्या नाहीत. "बसू दे तिला," एवढंच म्हणाल्या.

कोणाला असा सांभाळ करायचा असेल, तर आधी चार गोष्टी विचारून घ्या. रेबीजची लस दिली आहे का? औषधपाण्याचा खर्च कोणाचा? अडीअडचणीला रात्री फोन कोण उचलेल? आणि नाहीच जमलं, तर परत घेणार का? सरळ उत्तरं देणारी संस्था निवडा. घाबरलेलं कुत्रं दार उघडं दिसताच पळतं, म्हणून सुरुवातीला पट्ट्याशिवाय बाहेर नेऊ नका. चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. भीती फारच असेल, तर पशुवैद्य औषधही देतात.

सात आठवड्यांनी खानापूरकडचं एक कुटुंब तिला घेऊन गेलं. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी तिला आतल्या खोलीत ठेवा, असं मी दोनदा बजावलं. गाडी वळली आणि माझे डोळे भरून आले. महिनाभर म्हणून आणलेली, पण जीव लागतोच.

सासूबाईंनी मात्र तिची चादर धुतली, घडी घातली आणि मशीनखालीच ठेवली. म्हणाल्या, "असू दे. लागेल पुन्हा."