धावते की उडते?

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीहून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा पार करावा लागतो. पण नावेची मजा काय फक्त कोकणातल्या पोरांच्याच वाट्याला आलीय? आपल्या भागातून वर्धा नदी वाहते. तिच्यावर सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे, चांगले १३ दरवाज्यांचे. पावसाळा सरला की धरणामागे नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. अमरावती शहराच्या नळाला येते ते हेच पाणी. सकाळी वारा पडलेला असला की त्यावर एक सुरकुती दिसत नाही.

अशा सपाट पाण्यावर कोणती नाव सगळ्यात भन्नाट पळेल, ठाऊक आहे? रिमोटवर चालणारी छोटी कॅटामरान. लांबी ७० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या दप्तरात मावणार नाही पण काखेत सहज मावेल. आणि वेग? चांगली जुळवलेली असेल तर ताशी ६० किलोमीटर! तळेगावच्या रस्त्यावर एसटी जशी सुटते, तितका.

कॅटामरान म्हणजे काय ते आधी घरीच करून बघू. पाण्याची एक रिकामी बाटली झाकण लावून टबात आडवी सोडा आणि तिच्यावर एक खोडरबर ठेवा. बाटली गर्रकन फिरते, खोडरबर पाण्यात. आता तशाच दोन बाटल्या एकमेकींपासून वीतभर अंतरावर ठेवा आणि वरून दोन काड्या आडव्या बांधा. खोडरबर ठेवा, पेन्सिल ठेवा, हवे तर कंपासपेटी ठेवा. बाटल्या ढिम्म हलत नाहीत. झाली तुमची कॅटामरान तयार! दोन अरुंद होड्या शेजारीशेजारी आणि त्यांना जोडणारा माथा. मुंबईला गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या मोठ्या कॅटामरान याच बांधणीच्या असतात. आपल्या नौदलाचे सर्वेक्षण करणारे जहाज ‘आयएनएस मकर’ हेही कॅटामरानच. ते २०१२ साली कारवारला नौदलात दाखल झाले.

आता तीच जोडबाटली पालथी करा. तरंगते ना तितकीच ठामपणे? हे नीट लक्षात ठेवा. कॅटामरान सुलटी जितकी पक्की, तितकीच उलटीही पक्की असते. एकदा पालथी झाली की बहुतेक नावा आपणहून सरळ होत नाहीत. पुढे याचा त्रास कसा होतो ते कळेलच.

एवढा वेग येतो कुठून? पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असते. त्यातून वाट काढायला जोर लागतो. म्हणून वेगवान नावेची युक्ती एकच: पाण्याला कमीत कमी शिवायचे. कॅटामरान वेग घेते तशी हळूहळू वर उचलली जाते. पूर्ण वेगात तिच्या दोन्ही होड्यांची फक्त मागची टोके पाण्याला टेकतात, बाकीची नाव हवेत. चपटा दगड तिरका फेकला की तो जसा टप्पे घेत जातो, तशीच ती पाण्याच्या पाठीवरून सरकते. आणि दोन होड्यांमधल्या बोगद्यात समोरून हवा घुसते, तिथे ती दाबली जाते आणि नावेला खालून उचलून धरते. म्हणजे पंख नाहीत, पण काम विमानाच्या पंखाचेच! माझ्या मते या नावेतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच. ती अर्धी पाण्याची आणि अर्धी हवेची असते.

पण हवा लहरी. टेबलफॅनसमोर वहीचा पुठ्ठा आडवा धरा. हाताला फारसे काही जाणवत नाही. आता पुढची कड जराशी वर करा. पुठ्ठा एकदम वर उसळतो! नावेचेही अगदी हेच होते. एखाद्या लाटेने नाक दोन बोटे जास्त उचलले की हवा पोटाखाली घुसते, नाव मागच्या मागे कोलांटी खाते आणि पाठीवर आपटते. खऱ्या शर्यतीतल्या मोठ्या नावाही अशाच उडतात. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये फॉर्म्युला वन पॉवरबोटची शर्यत भारतात झाली होती, कृष्णा नदीवर, अमरावतीला. आपली शेजारची अमरावती नव्हे बरं का, आंध्रातली! त्या नावाही याच जातीच्या, दोन होड्या आणि मधे बोगदा. ताशी २०० किलोमीटरच्या वर जातात आणि चालक आत पट्ट्यांनी जखडून बसलेला असतो.

मग आपल्या छोट्या नावेने कोलांटी खाऊ नये म्हणून काय करायचे? इथे सुरू होते जुळवणी, आणि खरे विज्ञान इथेच आहे.

पहिले काम तोल. नावेत सगळ्यात जड असते बॅटरी. ती आत वेल्क्रोच्या पट्टीवर बसवतात, म्हणजे पुढेमागे सरकवता येते. सगळे सामान भरून, झाकण लावून नाव दोन बोटांवर उचलायची. डाव्या होडीखाली एक बोट, उजव्या होडीखाली दुसरे. नाव जिथे आडवी स्थिर राहते तो तिचा गुरुत्वमध्य. कॅटामरानमध्ये तो मागच्या टोकापासून लांबीच्या साधारण ३० टक्के अंतरावर ठेवून सुरुवात करतात. ७० सेंटिमीटरच्या नावेत हे अंतर २१ सेंटिमीटर भरते. बॅटरी सरकवून गुरुत्वमध्य त्याच्या पुढे गेला तर नाव पाण्याला चिकटून बसते, सुस्त पळते आणि लाटेत नाक खुपसते. मागे गेला तर वेग छान वाढतो, पण नाक तरंगू लागते आणि कोलांटी जवळ येते. बॅटरी अर्धा सेंटिमीटर सरकवायची, एक फेरी मारायची, बघायचे, पुन्हा सरकवायची. घाई करणाऱ्याला हे जमत नाही.

दुसरे काम मागच्या बाजूला. प्रोपेलरचा दांडा शेवटी एका छोट्या धातूच्या आधारात बसतो. हौशी मंडळी त्याला ‘स्ट्रट’ म्हणतात. तो वरखाली करता येतो आणि जरासा कलवताही येतो. दांड्याचे मागचे टोक किंचित खाली झुकवले तर प्रोपेलर नावेची शेपटी वर ढकलतो आणि नाक दबते. टोक वर कलवले तर शेपटी खाली ओढली जाते, नाक उठते. म्हणून आधी तो नावेच्या तळाला समांतर ठेवायचा आणि मग एकेक मिलिमीटरने बदलायचा. शिवाय एका वेळी एकच बदल. बॅटरीही सरकवली आणि स्ट्रटही हलवला, तर नाव कशामुळे सुधारली ते सांगणार कोण? शाळेच्या प्रयोगवहीत आपण हेच तर करतो.

आता प्रोपेलर. जहाजाचा प्रोपेलर पूर्ण बुडालेला असतो. या नावेचा मुद्दाम अर्धाच पाण्यात ठेवतात. प्रत्येक पाते पाण्यात शिरते, एक जोरदार ढकल देते आणि पुन्हा हवेत येते. दांडा आणि स्ट्रटही पाण्याबाहेर, म्हणजे तिथला अडथळा वाचला. मागे पाण्याचा उंच पिसारा उडतो तो यामुळेच.

तो फिरतो किती जोरात, हिशेब करा. मोटरवर ‘२००० केव्ही’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ एका व्होल्टला मिनिटाला २,००० फेरे. बॅटरीत चार सेल, प्रत्येक ३.७ व्होल्टचा, एकूण १४.८ व्होल्ट. गुणाकार केला की येतात मिनिटाला २९,६०० फेरे! पाण्याच्या ओझ्याने ते कमी होतात, पण ओझे नसताना एका सेकंदात ४९३. मोठ्या मालवाहू जहाजाचा प्रोपेलर मिनिटाला शंभरेक फेऱ्यांवर समाधानी असतो.

इतक्या वेगात एक पाते दुसऱ्याहून कणभर जड असले तरी सगळी नाव थरथरते आणि दांडा तुटू शकतो. म्हणून पात्यांचे वजन सारखे करतात. प्रोपेलर एका बारीक गुळगुळीत सळईत घालून सळई दोन टेकूंवर आडवी ठेवायची आणि सोडून द्यायचे. जड पाते आपोआप खाली येऊन थांबते. ते पाते बारीक पॉलिशपेपरने घासायचे, पुसायचे, पुन्हा सळईत घालायचे. प्रोपेलर जिथे सोडला तिथेच थांबू लागला, न डोलता, की काम झाले. हे मोठ्या माणसाने हातमोजे घालून करायचे काम आहे. धार काढलेले पाते बोट कापते.

मोटर तापते, तिला थंड कोण करणार? धरणातलेच पाणी. सुकाणूला पुढच्या बाजूने एक बारीक भोक असते. वेगामुळे पाणी त्यात घुसते, नळीतून मोटरभोवती फिरते आणि नावेच्या कुशीतून पिचकारीसारखे बाहेर पडते. चालवताना त्या धारेवर नजर ठेवावी. धार थांबली तर भोकात शेवाळ अडकले असे समजून नाव लगेच काठाला आणावी.

रिमोटच्या लहरींची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात रेडिओवर चालणारी छोटी नाव लोकांना दाखवली. तार नाही, दोरी नाही आणि नाव वळतेय, हे बघून लोकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. आजचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, आणि पाणी त्यांना चटकन गिळते. म्हणून नावेची अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर हवी. आत शिंतोडे येतात म्हणून नावेतला लहरी पकडणारा रिसीव्हर चक्क साध्या फुग्यात घालून त्याचे तोंड बांधतात. सुरू करताना आधी हातातला रिमोट, मग नाव. बंद करताना आधी नाव, मग रिमोट. उलटे केले तर नाव काही क्षण बिनमालकाची होते.

आता चालवूया! ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. काहीतरी दिसले आणि बोट हलले, यात पाव सेकंद सहज जातो. तेवढ्यात नाव चार मीटर पुढे. म्हणून नजर नावेवर नको, ती जिथे जाणार त्या पाण्यावर हवी. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळून सरळ झाली की पुन्हा हळूहळू वाढवायचा. वाऱ्यावर तोंड करून जाताना जास्त जपायचे, कारण नावेचा वेग आणि वाऱ्याचा वेग मिळून हवा बोगद्यात घुसते. एवढ्याशा नावेला सात सेंटिमीटरची लाट म्हणजे ७० मीटरच्या जहाजाला सात मीटरची लाट. पाण्यावर सुरकुत्या आल्या की वेग उतरवलाच पाहिजे.

आणि सगळ्यांचा गोंधळ होतो तो इथे: नाव तुमच्याकडे येऊ लागली की तिचा उजवा हात तुमच्या डावीकडे असतो. नाव जिकडे जातेय तिकडे तोंड करून उभे राहा आणि मान वळवून खांद्यावरून बघा. मग नावेचे उजवे ते तुमचेही उजवे.

एवढे करूनही ती कधी ना कधी पालथी होणारच, आणि जोडबाटलीने दाखवले तशी पालथीच राहणार. तुमच्यापैकी कोणीतरी लगेच म्हणेल, थांबा, मी आणतो. नाही, कोणीही उतरायचे नाही. धरणाचा उतार कुठे खोल होतो ते वरून दिसत नाही. शेततळे तर त्याहून वाईट, कारण प्लास्टिकच्या ओल्या उतारावर पाय ठरत नाही आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. धरणावर जायचे तर परवानगी काढून, मोठ्या माणसाला घेऊन आणि अंगात लाइफजॅकेट घालून जा. नावेच्या दोन्ही होड्यांत आधीच फोम भरून ठेवा म्हणजे ती बुडणार नाही. आणि वारा आपल्या तोंडावर येईल असा काठ निवडा. बंद पडलेली नाव वारा स्वतःच तुमच्या पायाशी आणून देतो.