‘स्वैराचार’ : अर्थ आणि उपयोजन

कथा-कादंबरीतील पात्रांची चर्चा करताना ‘स्वैराचारी’ हे विशेषण आपण सहज योजतो. हा शब्द पात्राचे वर्णन करतो की त्याच्याविषयी निवाडा देतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

‘स्व’ आणि ‘ईर’ (गती) यांच्या संधीतून ‘स्वैर’ हे रूप सिद्ध होते. स्वतःच्या प्रेरणेने चालणारा, हा त्याचा मूळ अर्थ. त्यात निंदा नाही. म्हणूनच ‘स्वैर अनुवाद’ हा प्रयोग आपण निःसंकोच करतो. ‘आचार’ हे पद जोडले जाताच मात्र रूढीसंमत वर्तनाची चौकट उभी राहते आणि ती मोडणारा दोषी ठरतो. ‘चैन’ माणूस स्वतःविषयीही सांगतो. ‘मी स्वैराचार केला’ असे सहसा कोणी म्हणत नाही. हा शब्द दुसऱ्याने लावायचा असतो. त्यातही पुरुषाला ‘रंगेल’ म्हणताना भाषा काहीशी सैल होते. ‘स्वैरिणी’ला ती सवलत नाही.

वर्तनाचे नाव पाहणाऱ्यावर कसे अवलंबून असते, हे महानुभाव परंपरेत दिसते. फलटण हे चक्रपाणींचे जन्मस्थान. परंपरेनुसार, कामाख्या नावाच्या योगिनीने भोगाचा आग्रह धरला तेव्हा त्यांनी द्वारावतीस देहत्याग केला आणि भडोचच्या हरिपाळाच्या मृत देहात प्रवेश केला. तेच पुढे चक्रधर. हा हरिपाळ द्यूतात रमला. एकीकडे पराकोटीचा संयम, दुसरीकडे द्यूताची आसक्ती. भक्ताच्या दृष्टीने दोन्ही लीळाच. सामान्य गृहस्थाच्या द्यूतास आपण ‘व्यसन’ म्हटले असते.

आधुनिक काळात हाच पेच र. धों. कर्वे यांच्याबाबत उद्भवला. ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७-१९५३) या मासिकातून त्यांनी लैंगिक प्रश्नांची निर्भीड चर्चा केली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. सनातनी दृष्टीला जो स्वैराचार वाटत होता, ते कर्व्यांच्या लेखी व्यक्तिस्वातंत्र्य होते.

म्हणून हा शब्द टाकून द्यावा असे नव्हे. दुसऱ्याच्या संमतीची वा हिताची पर्वा न करणाऱ्या भोगासाठी तो आवश्यकच आहे. मात्र तो योजण्यापूर्वी अभ्यासकाने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : मर्यादा कोणी घातली, आणि ती ओलांडल्याने कोणाची हानी झाली? ही उत्तरे नसतील, तर आपण पात्राचे नव्हे, आपल्याच संस्कारांचे वर्णन करत असतो.