बॅले समजून घेताना (भाग ६) : मुलुंडला ‘जिझेल’ करायचं तर

मागच्या आठवड्यात आपण २८ जून १८४१ पर्यंत आलो होतो. पॅरिस ऑपेरात ‘जिझेल’चा पहिला प्रयोग, अ‍ॅडॉल्फ अ‍ॅडमचं संगीत, नायिका कार्लोटा ग्रीसी. खेड्यातली जिझेल ज्याच्यावर जीव लावते, तो साध्या वेषातला सरदार निघतो, वर त्याचं लग्नही ठरलेलं. ती भ्रमिष्ट होऊन मरते आणि दुसऱ्या अंकात विलींमध्ये सामील होते. लग्नाआधी मेलेल्या या मुली रात्री रानात सापडलेल्या पुरुषाला जीव जाईस्तोवर नाचवतात. हडळीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना यात परकं वाटावं असं काही नाही.

हे आजच्या प्रेक्षकापुढे मांडायचं तर दिग्दर्शकांची कात्री बहुधा मूकाभिनयावर चालते. पहिल्या अंकात जिझेलची आई बेर्थ पोरीला दटावते, की नाचाचं वेड सोड, नाहीतर विली होशील. हे सगळं हातांनी. डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले की नाच, अनामिकेकडे बोट नेलं की लग्न, मुठी आवळून मनगटं खाली आडवी टाकली की मरण. कित्येक प्रयोगांत हा उतारा उरकतात किंवा गाळतात. तिथल्या प्रेक्षकाला या खुणा आता लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे मात्र हाच भाग सगळ्यात आधी पोचेल, असं मला वाटतं. घाटकोपर-बोरिवलीत भरतनाट्यमच्या क्लासबाहेर चपला सांभाळत बसणाऱ्या आईला हस्तमुद्रा समजावून सांगाव्या लागत नाहीत. आणि बेर्थचा इशारा काढून टाकला, तर दुसऱ्या अंकातली भुतं येतात कुठून?

दुसरा इलाज काळ बदलण्याचा. मात्स एक या स्वीडिश नृत्यदिग्दर्शकाने १९८२मध्ये दुसरा अंक थेट मनोरुग्णालयात नेला. अक्रम खानने २०१६मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी गावकऱ्यांच्या जागी बंद पडलेल्या कापड कारखान्यातले स्थलांतरित कामगार आणले आणि सरदारांच्या जागी मालकवर्ग. जानेवारी १९८२चा गिरणी संप पाहिलेल्या शहराला ही ‘जिझेल’ निराळी समजावून द्यायला नको. मुळात गोष्टच वरच्या आणि खालच्या थराची आहे. चांदणं आणि पांढरे झगे यांच्या कौतुकात ते झाकलं जातं, इतकंच.

उपनगरांनी असा बॅले पूर्वी पाहिलाय. १९४४ ते १९४६ या काळात इप्टा या नाट्यसंघटनेचं सेंट्रल स्क्वॉड अंधेरीत मुक्काम करून तालमी करायचं. उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रातून आलेले शांती बर्धन तिथे नृत्य बसवत. बंगालच्या दुष्काळावर उभा राहिलेला ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ तिथलाच, आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ही, त्याचं संगीत तरुण रविशंकरांचं. पुढे १९५२मध्ये बर्धन यांनी लिटल बॅले ट्रूप काढला आणि नर्तकांना कठपुतळ्यांसारखं हलवत ‘रामायण’ बसवलं. कथा घराघरातली, तिला हात लावला नाही. बदलली ती अंगाची चाल. क्षयाने खंगलेल्या या माणसाने जुनं नवं करण्याचा जो रस्ता काढला, तो मला वेषभूषा बदलण्यापेक्षा जास्त धाडसाचा वाटतो.

आता जमिनीवर येऊ, शब्दशः. मुलुंडचं कालिदास काय किंवा बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे काय, ही नाट्यगृहं नाटकाच्या हिशेबाने बांधलेली. ‘जिझेल’मध्ये विलींच्या दोन रांगा एका पायावर उड्या घेत, दुसरा पाय मागे ताणून, एकमेकींमधून आरपार जातात. त्याला रुंदी हवी, विंगेत थांबायला जागा हवी, आणि पायाखाली दबून परत उसळी देणारी लाकडी चौकट हवी, वर न घसरणारं व्हिनाइल. कडक जमिनीवर अशा उड्या म्हणजे नडग्या आणि घोटे कामातून गेलेच. शिवाय पॉइंट शूजची टोकं कडक असतात. पोकळ फळ्यांवर ती टकटक वाजतात. भुताच्या पावलांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला, की हशा ठरलेला. म्हणून नर्तकी नवे बूट आपटून, ठोकून आधी मऊ करून घेतात.

संस्थेकडे पैसे थोडेच असतील, तर नेपथ्यातलं जंगल आधी कापावं आणि तो पैसा जमिनीत घालावा. वाद्यवृंदाचं काय करायचं, ते पुढच्या भागात.