ढाब्यावर स्वतःची बाटली नेली तर काय होतं? दारू न देणाऱ्या हॉटेलांचं गणित समजून घ्या

शनिवारची रात्र. हायवेलगतचा ढाबा. पाच जणांचा ग्रुप टेबल पकडतो, चिकन हंडी आणि भाकरीची ऑर्डर देतो आणि मग हळूच वेटरला सांगतो, "दादा, पाच रिकामे ग्लास आणि दोन सोडे द्या. बाकीचं आमचं आहे."

वेटर मान हलवतो. "साहेब, इथं चालत नाही."

यानंतरची बाचाबाची महाराष्ट्रात अनेकांनी कधी ना कधी पाहिलेली आहे. "आम्ही काय फुकट मागतोय का?" "मालकाला बोलव." "पलीकडच्या ढाब्यावर तर देतात."

पलीकडच्या ढाब्यावर देतही असतील. पण तिथं राज्य उत्पादन शुल्क विभागाची धाड पडली, तर केस एकट्या मालकावर होत नाही. टेबलावर ग्लास घेऊन बसलेल्यांवरही होते.

कलम ६८ आणि कलम ८४

महाराष्ट्रात आजही दारूबंदी कायदा लागू आहे. वाचून गंमत वाटेल, पण खरं आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याची मूळ रचना अशी की दारू बनवणं, विकणं, बाळगणं, पिणं या सगळ्याला आधी बंदी आणि मग परवान्यातून सूट.

या कायद्याच्या कलम ६८ नुसार विनापरवाना दारू पिण्याचा अड्डा चालवणं हा गुन्हा आहे. मालक स्वतः दारू विकत नसेल, तरी बसायला जागा, ग्लास, सोडा, चकणा देऊन त्यातून कमाई करत असेल, तर तोही यात अडकू शकतो. कलम ८४ अशा ठिकाणी पिताना किंवा प्यायलेल्या अवस्थेत सापडलेल्यांसाठी आहे. ढाब्यांवरच्या कारवाईच्या बातम्यांत ही दोन कलमं जोडीनेच दिसतात. बाटली वाईन शॉपमधून रीतसर बिल देऊन घेतली होती, हा युक्तिवाद इथं कामाचा नाही. प्रश्न बाटलीचा नसून जागेचा आहे.

म्हणजे "ग्लास दे, आम्ही बघून घेऊ" असं वेटरला सांगणं म्हणजे त्याच्या मालकाला गुन्हा करायला सांगणं. आणि धाडीच्या वेळी टेबलाजवळ उभा असतो तो वेटरच.

'परमिट रूम' हे नाव आलं कुठून?

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना हा कायदा आला. १९५१ मध्ये एफ. एन. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. पुढे धोरण सैल होत गेलं आणि परमिट असलेल्यांना पिण्याची मुभा मिळाली. अशा परमिटधारकांना हॉटेलात बसून पिता यावं म्हणून जी खोली असायची, ती परमिट रूम. पाट्यांवर ते नाव अजून टिकून आहे, मात्र आत बसलेल्या किती जणांकडे परमिट असतं, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

परमिट ही गोष्ट मात्र कागदावर पूर्ण जिवंत आहे. एक दिवसाचं, एक वर्षाचं आणि आजीवन असे त्याचे प्रकार आहेत. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचं परमिट ५ रुपयांत मिळायचं, वर्षाचं १०० आणि आजीवन १,००० रुपयांत. व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षं. शेजारच्या गोव्यात ग्राहकाला असलं काही लागत नाही, म्हणून तिथून परतलेला पर्यटक कोकणातल्या खानावळीतही तीच अपेक्षा घेऊन बसतो आणि चिडतो.

मग सगळेच परवाना का घेत नाहीत?

पहिलं कारण पैसा. बार आणि परमिट रूमसाठी लागणाऱ्या एफएल-३ परवान्याचं शुल्क गावाच्या लोकसंख्येनुसार ठरतं आणि मुंबईसारख्या शहरात ते लाखांच्या घरात जातं. ते दरवर्षी भरावं लागतं, धंदा होवो न होवो. वर मद्यावर व्हॅट वेगळा. वाढत्या कर आणि शुल्काविरोधात १४ जुलै २०२५ रोजी राज्यातल्या बारचालकांनी एक दिवसाचा बंदही पाळला होता. तीस-चाळीस खुर्च्यांच्या मिसळ-थाळीच्या हॉटेलाला हा हिशेब जुळत नाही.

दुसरं कारण जागा. शाळा आणि धार्मिक स्थळांपासून ठरावीक अंतर लागतं. हायवेचा विषय तर वेगळाच. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. १ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या भागात हे अंतर २२० मीटरवर आणलं गेलं आणि नंतर पालिका हद्दीतल्या दुकानांना यातून सूट मिळाली. गावाबाहेरच्या ढाब्याला मात्र इच्छा असूनही परवाना मिळणं अवघड का, याचं उत्तर बऱ्याचदा इथंच सापडतं.

तिसरं कारण जिल्हा. वर्धा आणि गडचिरोलीत पूर्ण दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. सेवाग्राम पाहायला आलेल्या पाहुण्याने वर्ध्याच्या हॉटेलात बिअर मागणं म्हणजे मॅनेजरला उगाच पेचात टाकणं.

आणि चौथं, ज्याचा फारसा विचार होत नाही: मालकाला नकोच असते. घरची मंडळी, म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन येणारी गिऱ्हाईकं, रात्री एकट्याने जेवायला येणाऱ्या नोकरदार मुली हाच त्याचा धंदा असतो. पाटीवरचं 'फॅमिली रेस्टॉरंट' हे अशा वेळी नुसतं नाव नसतं. त्यात मागासलेपण काही नाही. जो माणूस वडापाव विकतो त्याला बिर्याणी का नाही ठेवली म्हणून कोणी झापत नाही, पण दारूच्या बाबतीत मात्र अनेकांना तो आपला हक्क वाटतो.

ग्राहकाने काय करावं?

सोपं आहे. ग्रुप घेऊन जायचं असेल तर टेबल बुक करतानाच फोनवर विचारावं. परवाना असलेल्या हॉटेलातही मंजूर नकाशात दाखवलेल्या भागातच दारू देता येते, त्यामुळे फॅमिली सेक्शनमध्ये किंवा गच्चीवर नाही म्हटलं, तर तो वेटरचा नखरा नसतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास ड्राय डे असतो. त्या दिवशी "आतल्या खोलीत बसतो" हा तोडगा सुचवू नये.

कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळून नेणं हा लोकप्रिय जुगाड आहे. वास येतो, वेटरला कळतं आणि बाजूच्या टेबलावरच्या कुटुंबालाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून आधी उरकायचं आणि मग जेवायला आत यायचं, हा दुसरा. जेवून परतताना नाकाबंदीत गाडी अडवली आणि १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

हॉल घेऊन पार्टीच द्यायची असेल, तर एक दिवसाचा तात्पुरता परवाना काढता येतो. त्यासाठी जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क कार्यालयात किंवा विभागाच्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो. हॉलवाल्याने तो कागद मागितला, तर त्याच्यावर चिडू नये. नसेल तर गोत्यात तोही येतो.