जुना प्रोसेसर आणि बैलाची खोड

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या प्रोसेसरवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण हा लेख जितका संगणकाचा आहे, तितकाच बाजाराचाही आहे. माझ्या थोरल्या दादाचा लग्नसमारंभांच्या चित्रफिती संपादित करण्याचा व्यवसाय आहे. त्यासाठी त्याच्याकडे एक जुने वर्कस्टेशन आहे. वर्कस्टेशन म्हणजे घरगुती संगणकापेक्षा दणकट, तासन्‌तास जड काम उपसणारे यंत्र. दादाच्या यंत्रात दोन प्रोसेसर बसतात. गेल्या दिवाळीच्या सुटीत त्याने ते दोन्ही बदलले आणि काढलेले विकायचे ठरवले. मी मदतनीस होते. वर्गात वाचलेला एक सिद्धांत त्या आठ दिवसांत मला घरच्या टेबलावर पाहायला मिळाला.

काढलेले प्रोसेसर होते इंटेल कंपनीचे झिऑन ई५-२६२०. ते २०१२ साली बाजारात आले. प्रत्येकात सहा गाभे, म्हणजे सहा स्वतंत्र कामकरी, आणि वेग २ गिगाहर्ट्‌झ. त्यांच्या जागी आले त्याच घराण्यातले ई५-२६९०: आठ गाभे आणि वेग २.९ गिगाहर्ट्‌झ. हे नवे असताना एकेकाची किंमत सुमारे २,००० डॉलर होती. दादाने दोन्ही मिळून एका साध्या मोबाइलपेक्षाही कमी पैशांत घेतले, कारण तेही वापरलेलेच होते. दहा-बारा वर्षांत एवढी घसरण कशी झाली, हा माझा पहिला प्रश्न होता.

वास्तविक प्रोसेसर सहसा झिजत नाही. त्यात फिरणारा भाग नाही. तापमान आणि विजेचा दाब मर्यादेत राहिला तर तो वर्षानुवर्षे चालतो. याला अपवाद आहेत. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा दाबामुळे बिघडत असल्याचे २०२४ साली उघड झाले आणि कंपनीला त्यांची हमी दोन वर्षांनी वाढवावी लागली. पण एरवी प्रोसेसरचा भाव पडतो तो झिजेमुळे नव्हे, त्याचे घर जाते म्हणून.

हे घर म्हणजे मदरबोर्डवरील खोबण, सॉकेट. ई५-२६२० ज्या सॉकेटमध्ये बसतो त्यात २,०११ स्पर्शबिंदू असतात. २०१४ साली याच घराण्याची पुढची एक पिढी आली. तिच्याही सॉकेटमध्ये तेवढेच बिंदू, पण रचना वेगळी. त्यामुळे जुना प्रोसेसर नव्या बोर्डात बसत नाही. जगात जितके जुने बोर्ड चालू, तितकेच गिऱ्हाईक. दुसरीकडे मोठमोठी संगणक-केंद्रे काही वर्षांनी आपले सर्व्हर एकदम बदलतात आणि त्यांतले प्रोसेसर ढिगाने बाजारात येतात. पुरवठा उदंड, मागणी आटती. भाव कुठे जाणार हे सांगायला अर्थशास्त्राचा प्राध्यापक नको. त्यात २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने असे जुने प्रोसेसर आपल्या मान्य यादीबाहेर ठेवले आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. म्हणून पहिला धडा असा की, प्रोसेसर बदलला तर जुना कपाटात ठेवून देऊ नये. विकायचा तर लगेच विकावा.

दुसरा धडा काढण्याचा. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारा लेप असतो आणि त्यावर थंडावा देणारा कूलर. यंत्र थोडा वेळ चालवून लेप मऊ करावा, मग यंत्र बंद करून कूलर हलकेच फिरवत सोडवावा. एएमडीच्या एएम४ जातीच्या प्रोसेसरला खालच्या बाजूस बारीक पिना असतात. कूलर हिसडल्यास प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात. इंटेलच्या आमच्या प्रोसेसरला खाली सपाट सोनेरी बिंदू होते. पिना बोर्डात होत्या. लेप शुद्ध अल्कोहोलने पुसावा, बोटे फक्त कडांना लावावीत आणि स्थिर विद्युत रोखणाऱ्या पिशवीत ठेवावे. वरच्या झाकणावरचा क्रमांक स्वच्छ दिसला पाहिजे, कारण गिऱ्हाईक आधी तोच पाहते. त्यावर ‘कॉन्फिडेन्शियल’ असे कोरलेले असेल तर तो कंपनीने चाचणीसाठी दिलेला नमुना असतो. तो विकण्यासाठी नव्हेच.

वर्कस्टेशनच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. एएमडीचे एपिक आणि थ्रेडरिपर प्रो हे प्रोसेसर काही उत्पादकांच्या यंत्रांत बसवले की त्या उत्पादकाच्या बोर्डांशी कायमचे जखडले जातात. ते दुसऱ्या कंपनीच्या बोर्डात चालूच होत नाहीत. ही गाठ बाहेरून दिसत नाही, म्हणून तो कोणत्या यंत्रातून काढला हे सांगणे विकणाऱ्याचे काम.

आता मुख्य गोष्ट. आम्ही दोन्ही प्रोसेसर घेऊन मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. एका दुकानदाराने ते हातातही न घेता भाव सांगितला. तो आमच्या अपेक्षेच्या निम्माही नव्हता. “दोन्ही चालू आहेत,” दादा म्हणाला. “साहेब, चालू आहे असं सगळेच सांगतात,” तो शांतपणे म्हणाला. त्याचे चुकले नव्हते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच मांडले आणि पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सगळ्याच मालाला सरासरी भाव देतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, तो घरीच राहतो आणि बाजारात उरतो तो बहुतांशी खोटा माल.

आम्ही परत आलो. नुसते “चालू आहे” म्हणून भागणार नाही, पुरावा द्यावा, म्हणून दादाने एकेक प्रोसेसर यंत्रात एकटा बसवून रात्रभर जड कामाला जुंपला. पहिला उत्तम चालला. दुसऱ्याला मात्र स्मृतीच्या चार मार्गांपैकी एक दिसेना. बिंदू पुसून पाहिले, फरक नाही. त्याच सॉकेटमध्ये पुन्हा पहिला बसवला, तर चारही मार्ग दिसले. म्हणजे बोर्ड निर्दोष; या घराण्यात स्मृतीचा नियंत्रक प्रोसेसरच्याच पोटात असतो, खोट तिथेच होती.

दादा गप्प झाला. जोडीला भाव जास्त येतो, कारण दोन सॉकेटच्या यंत्राला एकसारखे दोन लागतात. शिवाय दोष असा, की घेणाऱ्याच्या तो महिनोन्‌महिने लक्षातही आला नसता. तेवढ्यात आई म्हणाली, “आजोबा बैलबाजारात बैलाची खोड आधी सांगायचे, मग भाव.” बैल घेणारा निदान दात तरी मोजतो, चालवून पाहतो. प्रोसेसरला दात नसतात. तिथे विकणाऱ्याच्या तोंडाखेरीज दुसरी परीक्षा नाही.

दादाने जाहिरातीत दोन्हींची वेगवेगळी किंमत लिहिली, चाचणीची छायाचित्रे दिली आणि दुसऱ्याची खोड स्पष्ट सांगितली. तीन दिवस कोणी फिरकले नाही. चौथ्या दिवशी अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आला. त्याने आमच्याच यंत्रावर पहिला प्रोसेसर चालवून पाहिला आणि घासाघीस न करता पूर्ण किंमत दिली. मी कारण विचारले. तो म्हणाला, “दुसऱ्याचा दोष तुम्ही आधीच सांगितलात, म्हणून पहिल्यावर विश्वास बसला.”

दुसरा प्रोसेसर अजून विकला गेलेला नाही. तेवढे नुकसान झाले, हे मान्य केले पाहिजे. तो माझ्या टेबलावर अकरलॉफच्या टिपणांवर वजन म्हणून ठेवला आहे. परीक्षा संपली की तो अधिकृत ई-कचरा केंद्रात जाईल.